बापाची रजा

कुरुंदा
६ जानेवारी २०२५

आबा,

मी फोन लावला की तुम्ही कापता. मायनं लावला तर "आवाज येऊन न्हाई राहिला" म्हणता. म्हणून पत्र लिहायला बसलो. लिहिलेला कागद तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही, हे मला माहीत आहे. शेंगदाण्याची पुडीसुद्धा सोडून आधी वाचता, मग शेंगदाणे खाता.

काल तुम्ही पिशवी भरून जवळा बाजारच्या गाडीत बसलात. आत्याला "चार दिवस राह्यला आलो" एवढंच सांगितलंत म्हणे. पण जाताना अंगणात उभं राहून जे बोललात ते जळबा काकांनी ऐकलं, म्हणजे गावानंच ऐकलं. "इंजिनेर केला तो लेकराचं ढुंगण धुवायला केला का?" असं म्हणालात. धुवायला नाही केलं आबा, पण धुता येतं.

रागात तुम्ही माझं पुरतं ऐकून घेतलं नाही. म्हणून सगळं लिहून कळवतो.

मी नोकरी सोडलेली नाही, आणि ही बिनपगारी सुट्टीही नाही. मी घरून जिचं काम करतो त्या पुण्याच्या कंपनीत कुणाच्याही घरी मूल जन्मलं किंवा कुणी दत्तक घेतलं, तर आई असो की बाप, त्याला सव्वीस आठवडे भरपगारी रजा मिळते. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत ती कधीही घेता येते. तिला पालक रजा म्हणतात. नियम होऊन दोन वर्षं झाली. बायांनी ती पूर्ण घेतली. पुरुषांनी आठवडाभर घेतली, बारसं उरकलं आणि पुन्हा लॅपटॉप उघडला. पूर्ण रजा मागणारा पुरुष मीच पहिला.

आणि का मागितली, तेही तुम्हाला माहीत आहे. पुनमचं वनरक्षकाचं ट्रेनिंग चिखलदऱ्याला आहे, सहा महिने तिथंच राहायचं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी जाईल. पुढचं वर्ष असं काही नसतं आबा. ती गेली नाही तर तिच्या जागी यादीतली पुढची बाई जाईल. मायकडं लेकरू ठेवा म्हणालात. मायच्या गुडघ्यांची तकलीफ मला सांगायची तुम्हाला गरज नाही. लेकरू कडेवर घेऊन तिला उठता येत नाही.

आणि भरतीच्या वेळी चालण्याच्या चाचणीला तिला मोटरसायकलवर कोणी नेलं होतं? सृष्टी तेव्हा पाच महिन्यांची होती. पुनम सोळा किलोमीटर चालून आली तेव्हा तुम्ही पाण्याची बाटली घेऊन उभे होतात, आणि गावात येऊन म्हणालात, "आमची सून साऱ्या पोरींच्या म्होरं व्हती." तीच सून आज गेली. गाडीत चढली, परत उतरली, औषधाचा चमचा कुठं ठेवलाय ते मला दुसऱ्यांदा सांगितलं, परत चढली. कंडक्टर वैतागला. "बाई, नक्की जायचंय का?"

"व्हय," ती म्हणाली, "जायचंच हाय."

सृष्टी आता झोपली आहे. माझ्या नोकरीची काळजी करू नका. हरीश सर, म्हणजे माझे मॅनेजर, "जा" म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, पण म्हणाले.

तुमचा
शिवशंकर


कुरुंदा
२ फेब्रुवारी २०२५

आबा,

चार दिवसांचा महिना झाला.

काल तुम्ही हळदीचा पाला कापायला आलात. पहिल्या गाडीनं आलात, आत्यानं बांधून दिलेली भाकरी बांधावर बसून खाल्लीत आणि सांजच्या गाडीनं गेलात. शेतापासून घर हाकेच्या अंतरावर. माय दिवसभर कामाच्या निमित्तानं ओट्यावर येऊन बघत होती. मी सृष्टीला घेऊन बांधापर्यंत आलो, तर तुम्ही पाठ फिरवून ठिबकची नळी तपासायला लागलात. ती नळी ठीक होती आबा. मी आदल्या दिवशीच बघितली होती.

तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगतो. सृष्टीला खाली दोन दात आले आहेत. मुगाच्या डाळीचं पाणी पिते, भात थुंकते, माती मिळाली तर खाते. वाटीनं दूध प्यायला पहिले आठ-दहा दिवस तयार नव्हती. आईचा वास येणारी साडी मी खांद्यावर टाकली, तेव्हा प्याली. ती युक्ती मायची. मला वाटलं होतं लेकरू सांभाळायचं म्हणजे ते झोपलं की आपण दोन पुस्तकं वाचू. पुस्तक अजून उघडलेलं नाही.

नऊ महिन्यांच्या लसीला उपकेंद्रात घेऊन गेलो. रांगेत सगळ्या बाया, त्यांच्यात मी एकटा. नर्स म्हणाली, "हिच्या आईला पाठवा की."

मी म्हणालो, "आई जंगलात हाय."

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "काहून वो? काय झालं?" त्यांना वाटलं, बायको घर सोडून निघून गेली! मी म्हणालो, "वनरक्षक झाली. ट्रेनिंगला गेली चिखलदऱ्याला." तेव्हा कुठं त्या हसायला लागल्या. एक म्हातारी होती, नातवाला घेऊन आलेली. ती म्हणाली, "मंग बराबर हाय. बाई जंगल राखील, बाप्या लेकरू राखील. कोणतंबी राखायचंच काम हाय." सुई टोचल्यावर सृष्टी रडली तर चार बाया मला चार उपाय सांगत होत्या.

सगळेच असं बोलत नाहीत. जळबा काका हॉटेलात दहा माणसांत म्हणाले, "शिवशंकर बाळंतीण झाला. त्याला डिंकाचे लाडू द्या." मी म्हणालो, "द्या की काका, पण तूप जास्त टाका." लोक हसले. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यानंतर आठवडाभर हॉटेलाकडं गेलो नाही, ते घरी कामं होती म्हणून.

पुनमचा फोन रविवारी येतो. तिथं टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. ती थंडीत पहाटे पळते, झाडं ओळखायला शिकते, वणवा विझवायला शिकते. फोनवर सृष्टीचा आवाज ऐकला की बोलायची थांबते. मग मी सांगत राहतो आणि ती नुसती ऐकते.

कंपनीत सगळं ठीक आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

शिवशंकर


कुरुंदा
२३ फेब्रुवारी २०२५

आबा,

आत्या मायला म्हणाली की तुम्ही रोज तिच्या पोराला विचारता, "त्याची नोकरी हाय का गेली, तुला काही समजलं का?" तेव्हा आता सरळच सांगतो. नोकरी आहे. पण जी जागा मला मिळणार होती ती गेली.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. लहान लेकरांच्या लसींचं नवं काम आलंय. त्या कामाच्या टीमचा प्रमुख मार्चमध्ये निवडायचा होता. तीन वर्षं मी त्याच कामाची तयारी केली होती. जानेवारी संपायच्या आतच हरीश सरांनी जगनचं नाव जाहीर केलं. जगन माझ्याच टीममधला, चांगला माणूस. मला हे कळलं ते ग्रुपवर सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं तेव्हा.

मी सरांना फोन केला. "सर, निवड मार्चमध्ये होती ना?"

"अरे, तुझ्याविरुद्ध काही नाही. पण तू रजेवर. टीमला माणूस समोर पाहिजे."

"रजा कंपनीनंच दिलीय, सर."

"दिलीय ना. नाही कुठं म्हणतोय? पण शिवशंकर, मीही दोन मुलं वाढवली. एक दिवस रजा घेतली नाही."

वाढवली कोणी, असं माझ्या ओठावर आलं होतं. सृष्टीनं तेवढ्यात माझा चष्मा ओढला, म्हणून राहिलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. माय तूर निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तुझे आबा काहून चिडले, तुला ठाव हाय का?"

मी म्हणालो, "लोक हसतात म्हणून."

"लोकाला ते कधी भ्याले न्हाईत," माय म्हणाली. आणि मग तिनं मला जिनिंगची गोष्ट सांगितली.

आबा, मी लहानपणापासून ऐकत आलो की तुम्हाला जिनिंगमधली कापसाची धूळ सोसेना, म्हणून तुम्ही नोकरी सोडून शेती धरली. माय म्हणाली, तसं नव्हतं. माझ्या जन्मानंतर तिला ताप चढला, अंग सुजलं, उठवेना. तिची आई आधीच गेलेली, तुमची आई अंथरुणाला खिळलेली. तुम्ही दीड महिना घरी राहिलात. पाणी भरलंत, भाकरी थापल्यात, मला पायावर घेऊन न्हाऊ घातलंत. दार लावून, कुणाला दिसू नये म्हणून. आणि माय उठून बसल्यावर कामावर गेलात तर जिनिंगचं फाटक तुमच्यासाठी उघडलं नाही. मुकादम आतून म्हणाला, "बाईच्या जागी बसलास ना? आता तिथंच बस."

माय म्हणाली, "त्या दिवशी घरी आले आन् बोलले न्हाईत. तुला मांडीवर घेऊन बसले नुसते. पुन्यांदा त्यायनं लेकराला कधी हात लावला न्हाई. तुझ्या बहिणीलाबी न्हाई."

मी इतके दिवस समजत होतो की तुम्हाला माझी लाज वाटली. तुम्ही तर माझ्यासाठी घाबरला होता.

तुम्हाला ज्याची भीती होती तेच झालं, हेही खरं. पण तुमच्या वेळी त्या फाटकासमोर तुम्ही एकटे होतात. मी एकटा नाही, एवढं सांगायला हे पत्र.

आमच्या एचआरच्या शिला मॅडम आहेत, राठोड. पुसेगावकडच्या तांड्यावरच्या. त्यांना मी झालेलं सगळं लिहून पाठवलं. अर्ध्या तासात त्यांचा फोन. म्हणाल्या, "शिवशंकर, हा नियम मीच लिहिलाय. माझी याडी, म्हणजे आई, ऊसतोडीला जायची, लेकराला उसाच्या फडात निजवून. बाप असून नसल्यासारखा. म्हणून मी नियमात 'आई' न लिहिता 'पालक' लिहिलं. दोन वर्षं वाट बघून राहिले की एखादा बाप ही रजा पूर्ण घेईल. आता घेणाऱ्याचीच जागा गेली तर दुसरा कोण घेईल? मी हे वर नेते. तुमी मागं हटू नका."

मी म्हणालो, "हटत नाही मॅडम."

आणि दुसऱ्या दिवशी जगनचा फोन. मी मनातून त्याच्यावर चिडलेलो होतो. तो म्हणाला, "ऐक, माझी बायको पाचव्या महिन्यात हाय. तुझं हे असं झालं, तर मी काय रजा मागणार? मी मॅडमला सांगून टाकलं, माझं नाव मागं घ्या. दोघांचीबी मुलाखत घ्या. जिंकलो तर उजळ माथ्यानं जिंकीन."

मुलाखत मार्चमध्ये आहे. माझं काय होईल माहीत नाही. पण आता रात्री नीट झोप लागते. सृष्टी झोपू देते तेवढी.

शिवशंकर


कुरुंदा
१९ मार्च २०२५

आबा,

परवा जे झालं ते तुम्ही समोरच होतात. पण तुम्ही हळदीच्या वाफेत होतात आणि मी लॅपटॉपमध्ये. माझ्या बाजूनं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

मुलाखत ठरली आणि हळद शिजवायचा कुकर आपल्या शेतात यायचा दिवसही तोच निघाला. सकाळी गावातली लाइट गेली. घरातलं इंटरनेट बंद. शेतात लिंबाखाली मोबाइलची रेंज चांगली मिळते. मी लिंबाला सृष्टीची झोळी बांधली, रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवला, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरातलाच पायजमा. पलीकडं तुम्ही माणसांना सांगून राहिला होता, "वाफ आली का बघा, मंगच काढा." माय मजुरांच्या चहाला घरी गेलेली.

समोर तिघं होते. शिला मॅडम, हरीश सर आणि कंपनीच्या संचालक बाई. पहिले दोन प्रश्न बरे गेले. मग हरीश सरांनी विचारलं, "अडीच महिने तू कामात नाहीस. या अडीच महिन्यांत तू काय केलंस, जे टीमच्या कामाला येईल?"

आणि तेवढ्यात सृष्टी उठली.

तिचं रडणं तुम्ही ऐकलंय. पलीकडच्या शिवारात जातं. मी झोळीची दोरी पायानं ओढली, ती आणखी चिडली. सर म्हणाले, "थोड्या वेळानं घ्यायचं का?" मला माहीत होतं, थोड्या वेळानं म्हणजे कधीच नाही. मी उठायला लागलो.

तर रडणं थांबलं.

मी मान वळवली. तुम्ही तिला झोळीतून उचललं होतं. हात हळदीनं पिवळेजर्द, डोक्याला बांधलेला रुमाल सुटलेला. एक हात तिच्या मानेखाली, एक पाठीला. इतका बराबर हात मला शिकायला महिना लागला होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. तिला घेऊन हळदीच्या ढिगाकडं चालू लागलात आणि तिला काहीतरी सांगत होतात. काय, ते मला ऐकू आलं नाही.

मी खाली बसलो. माझा आवाजच बदलला, आबा. मी सरांना सांगितलं, "या अडीच महिन्यांत मी लसीच्या रांगेत उभा राहिलो. आपलं सॉफ्टवेअर ज्या रांगेसाठी आहे, त्या रांगेत. आपण लसीच्या तारखेचा निरोप आईच्या मोबाइलवर पाठवतो. दुसरा नंबर टाकायला जागाच ठेवलेली नाही. माझ्या बायकोचा मोबाइल जंगलात आहे, रेंज नाही. रांगेत एक आजी नातवाला घेऊन आली होती. एका लेकराची आई पुण्याला कामाला, लेकरू मावशीकडं. त्यांना निरोप कोण देणार? लेकरू ज्याच्या कडेवर आहे त्याचा नंबर आपण विचारतच नाही."

 संचालक बाई लिहून घेत होत्या. मग मी ते कसं बदलायचं, टीममध्ये कोणी काय करायचं, सगळं सांगितलं.

शेवटी हरीश सरांनी विचारलं, "आणि ते लेकरू आत्ता कुणाकडं आहे?"

"माझ्या वडिलांकडं," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला परत आणलंत. तिच्या झबल्यावर तुमची पिवळी बोटं उमटली होती. "भूक लागली तिला," तुम्ही म्हणालात. "झालं का काम?"

"झालं."

"मंग घे."

अडीच महिन्यांनी तुम्ही माझ्याशी बोललात. आणि मग सांजच्या गाडीनं जवळ्याला गेलात. माय म्हणाली, जाऊ दे, येतील.

शिवशंकर


कुरुंदा
३१ मार्च २०२५

आबा,

मिळालं!

काल पाडव्याच्या दिवशी सुट्टी असून हरीश सरांनी स्वतः फोन केला. "तुझं नाव नक्की झालंय. रजा पूर्ण करून ये. तोवर जगन बघेल. घाई करू नकोस." मी "थँक यू सर" म्हणालो. ते फोन ठेवेनात. थोड्या वेळानं म्हणाले, "परवा मी घरी विचारलं, आपल्या पोरांचा पहिला शब्द कोणता होता. बायको म्हणाली, तुला आज आठवलं का हे? मोठा पंधरा वर्षांचा आहे, शिवशंकर." एवढं म्हणून त्यांनी ठेवला. माझा त्यांच्यावरचा राग होता तो गेला. पुरता नाही, पण बराच.

आज सकाळी सगळ्या कंपनीची मिळून ऑनलाइन बैठक होती. संचालक बाईंनी जाहीर केलं की इथून पुढं रजेवरचा माणूस कामावरच आहे असं धरायचं. बढती असो, निवड असो, पगारवाढ असो, रजेचं कारण कुणी पुढं केलं तर त्यालाच जाब द्यावा लागेल. आणि लसीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आईचा मोबाइल'च्या जागी 'सांभाळणाऱ्याचा मोबाइल' येणार. मग त्या म्हणाल्या, "शिवशंकर, दोन शब्द बोला."

माझ्या कडेवर सृष्टी होती. मी कॅमेरा सुरू केला. तिनं पडद्यावर एवढी तोंडं बघितली आणि जोरात ओरडली, "बा!" सगळे टाळ्या वाजवायला लागले. माझं भाषण तिनंच करून टाकलं.

बैठक संपायच्या आत शिला मॅडमकडं सात बापांनी रजा मागितली. त्यात जगन आहे. एक जण लेकरू दत्तक घेणारा आहे, तो दोन वर्षं लेकरू घ्यावं की नाही याच विचारात होता म्हणे. मॅडमनी मला फक्त एक निरोप पाठवला: "फाटक उघडलं." जिनिंगचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा शब्दच तसा आला. मी तो मायला वाचून दाखवला. ती पुरणाचं पातेलं घासत होती. तिनं हात धुतले आणि तोंडाला पदर लावला.

मग म्हणाली, "त्यायला कळव. आजच कळव."

म्हणून कळवतो आहे. आबा, माझी नोकरी शाबूत आहे. बढतीही मिळाली. आणि लेकरू माझ्या मांडीवर आहे.

शिवशंकर


चिखलदरा
५ जुलै २०२५

आबा,

मे महिन्यात पिशवी घेऊन तुम्ही परत आलात तेव्हा कारण सांगितलंत, "बहिणीकडं गरमी लई हाय." जसं काही कुरुंद्यात बर्फ पडतो. आम्ही कुणी काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी बोलायला बसलो तर म्हणालात, "पत्रंच बरी व्हती. मधी मधी बोलावं लागत न्हाई." तेव्हा आजचंही लिहूनच कळवतो. टपालानं पाठवलं तर आम्ही आधी पोहोचू, म्हणून कागदाचा फोटो काढून तुमच्या मोबाइलवर टाकतो. चष्मा लावा.

आज तुमची सून वनरक्षक झाली.

सकाळपासून भुरभुर पाऊस आणि धुकं. आपल्याकडं अशा दिवशी कुणी घराबाहेर पडत नाही, इथं पोरी रांगेत उभ्या. मला पुनम ओळखूच येईना. सगळ्या एकसारख्या, खाकी, केस बांधलेले, मान ताठ. माय म्हणाली, "ती काय, डावीकडून चौथी." मी विचारलं, कशावरून? म्हणाली, "चालण्यावरून." संचलन आमच्या समोरून गेलं तेव्हा पुनमनं आमच्याकडं डोळा वळवला नाही. वळवायचा नसतो. 

मग बक्षिसं. मैदानी कामात सगळ्या तुकडीत पहिली म्हणून नाव पुकारलं: पुनम शिवशंकर, जिल्हा हिंगोली. माय टाळ्या वाजवायची विसरली. उभीच राहिली. गुडघ्यांची आठवणही तिला नव्हती. मोठे साहेब खाली आले, मायला विचारलं, "मुलगी का तुमची?"

"सून हाय."

"लहान मूल आहे म्हणतात तिला. कुणाकडं ठेवलं?"

माय पहिल्यांदा इतक्या मोठ्या माणसाशी बोलत होती. पण तिचा आवाज असा खणखणीत की मागच्या दोन रांगांना ऐकू गेला. "सहा महिने तिच्या बापानं सांभाळलं. आता तिच्या आज्याजवळ हाय."

साहेबांनी मायला नमस्कार केला, आबा. पुनमसोबतची एक पोरगी माझ्याजवळ आली. तिचं लेकरू तिकडं सासरी, सहा महिन्यांत दोनदाच बघितलेलं. म्हणाली, "दाजी, तुमच्या कंपनीत माझ्या नवऱ्याला जागा हाय का?" हसत म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते. मी शिला मॅडमचा नंबर दिला. जागा असो की नसो, हा नियम दुसरीकडं कसा मागायचा ते त्या सांगतील.

सृष्टीला खोकला, इथं ही अशी थंडी. तिला नेऊ नका असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी जायचं रद्द करत होतो. तुम्ही बैलाला पेंड टाकत होता. मान वर न करता म्हणालात, "तू जा. तुझ्या मायला घेऊन जा. लेकरू मी पाहतो." इतक्या सहज म्हणालात की मला ते कळायला दोन मिनिटं लागली. माय तर गाडीत बसेपर्यंत तुमच्याकडं वळून वळून बघत होती.

दुपारी जळबा काकांचा फोन आला. मी घाबरलो. काका म्हणाले, "घाबरू नको. तुझा बाप हॉटेलात येऊन बसलाय. लेकरू खांद्यावर. मला म्हन्तो, चहा ऱ्हाऊ दे, कोमट दूध सांग, आन् जरा बिडी विझव." मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? "काय करतो? विझवली."

पुनमला पहिली नेमणूक आपल्याच जिल्ह्यात मिळाली आहे, औंढ्याच्या बाजूला. घरून ये-जा करता येईल. माझी रजा उद्या संपते. सोमवारी मी लॅपटॉप उघडीन तो टीमचा प्रमुख म्हणून, आणि पहिलं काम जगनच्या रजेवर सही करायचं. त्याला मुलगा झाला.

पुनम आता माझ्या शेजारी बसली आहे. सगळ्या पोरींनी घरचे कपडे घातले, ही वर्दी काढायला तयार नाही. मी म्हणालो, चुरगळेल, लांबचा प्रवास आहे. म्हणाली, "चुरगळू दे. मी जाताना सृष्टी माझ्या साडीला धरून रडली. येताना तिनं मला अशी बघितली पायजे."

आम्ही उद्या पहाटे निघू. सांजच्याला फाट्यावर उतरू. रविवार आहे, सारा गाव तिथंच असेल. सृष्टीला खांद्यावर घेऊन फाट्यावर या. पाऊस असला तर छत्री घेऊन या, पण या. पुनम गाडीतून उतरून आधी तुम्हाला सॅल्यूट करणार आहे, मग लेकराला घेणार आहे. तिनं ठरवलंय, आणि तिचं ठरलं की ठरलं.

तुमचा
शिवशंकर